विश्लेषण: ४ कोटी अंकांची मूळ संख्या सापडली, आता आपले पासवर्ड धोक्यात?

२ चा १३,६२,७९,८४१ वा घात घ्या आणि त्यातून १ वजा करा. येणारी संख्या ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंकांची आहे. सेकंदाला एक अंक वाचला, तरी न थांबता जवळपास ४७५ दिवस लागतील. ही आतापर्यंतची सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या असल्याची घोषणा २१ ऑक्टोबर २०२४ रोजी झाली. अमेरिकेतल्या ल्यूक ड्युरंट यांनी ती शोधली. ते एनव्हिडियाचे माजी कर्मचारी आहेत.

मूळ संख्या म्हणजे जिला १ आणि ती स्वतः सोडून कशानेच पूर्ण भाग जात नाही अशी संख्या. उदाहरणार्थ ७, १३, ३१. मग एवढ्या अवाढव्य संख्येला भाग जात नाही, हे कळलं कसं?

ही 'मर्सेन' प्रकारची संख्या आहे, म्हणजे २ च्या घातातून १ वजा केलेली. अशा संख्यांसाठी लुकास-लेमर नावाची चाचणी आहे. ४ पासून सुरुवात करायची. वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागून बाकी घ्या आणि हेच पुन्हा करा. ३१ (२ चा ५ वा घात वजा १) तपासून पाहा: ४, मग १४, मग १९४ ची बाकी ८, मग ६२ ची बाकी ०. शेवटी शून्य आलं, म्हणजे मूळ! ३१ साठी तीन पायऱ्या पुरल्या, या संख्येसाठी साडेतेरा कोटींहून जास्त लागतात. म्हणूनच घरच्या कॉम्प्युटरऐवजी अनेक देशांतल्या डेटा सेंटरमधले जीपीयू कामाला लावले गेले.

घातांक मूळ असला की काम झालं, असंही नाही. ११ मूळ आहे, पण २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि ती होते २३ गुणिले ८९.

आता पासवर्डचं. ऑनलाइन सुरक्षेतली आरएसए पद्धत साधारण ३०० अंकी दोन मूळ संख्या गुप्त ठेवण्यावर चालते. ही नवी संख्या तर जगजाहीर आहे, त्यामुळे कुलूप म्हणून ती निरुपयोगीच. तिच्यामुळे कोणतं कुलूप तुटतही नाही, कारण मोठ्या संख्येचे अवयव पाडण्याची नवी युक्ती यातून मिळालेली नाही. तेव्हा तसा फॉरवर्ड आला तर पुढे ढकलू नका.

या शोधाचं बक्षीस ३,००० डॉलर आहे. १० कोटी अंकांची मूळ संख्या पहिल्यांदा शोधणाऱ्यासाठी मात्र दीड लाख डॉलर ठेवलेले आहेत.