बिनफीच्या वकिलाचा खर्च

सत्कारसमारंभांविषयी माझे मत या सदराच्या जुन्या वाचकांस कंटाळा येईपर्यंत ठाऊक आहे. तथापि गेल्या आठवड्यात एका स्नेह्याच्या भिडेखातर मी अशाच एका समारंभास जाऊन बसलो. तेथे गोरगरिबांचे खटले विनामोबदला चालविणाऱ्या वकिलांची एकामागून एक वक्ते मुक्तकंठाने स्तुती करीत होते. मात्र या कामी त्या वकिलांच्या पदरचे किती जाते, हे विचारण्याचे त्यांपैकी एकालाही सुचले नाही. एका वक्त्याने तर त्यांस दधीची ऋषींची उपमा दिली. दधीचींनी आपल्या अस्थी दिल्या हे खरे. परंतु त्या अस्थींचे वज्र घडविण्याची मजुरीही त्यांच्याच माथी मारली गेली, असे कोणत्याही पुराणात माझ्या वाचनात नाही. माझ्या शेजारी बसलेला, मांडीवर श्रीफळ सांभाळणारा एक तरुण वकील तेवढ्यात कानाशी येऊन म्हणाला, “काका, फी नाहीच घ्यायची, ते मी ठरवलंयच. पण झेरॉक्सवाला काही मला दधीची मानत नाही.”

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. घटनेत 1976 साली 39अ हा अनुच्छेद आला, 1987 साली विधी सेवा प्राधिकरणांचा अधिनियम झाला आणि तो 9 नोव्हेंबर 1995 पासून अमलात आहे. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, कोठडीतील बंदी इत्यादिकांस उत्पन्नाची अट न लावता, व इतरांस महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असल्यास, सरकारी खर्चाने वकील मिळतो. प्राधिकरणामार्फत नेमणूक झालेल्या वकिलास काही मानधनही मिळते.

परंतु प्रत्येक पक्षकार प्राधिकरणाच्या दारातून येत नाही. तो ओळखीने येतो, गावच्या शिक्षकाची चिठ्ठी घेऊन येतो, किंवा कोर्टाच्या पायरीवर ज्याचा काळा कोट प्रथम दिसेल त्याच्यासमोर हात जोडून उभा राहतो; आणि कोट जर कोवळ्या मनाच्या माणसाच्या अंगावर असेल तर वकीलपत्र तेथल्या तेथे होते. त्यानंतर खर्चाची रांग लागते: तिकिटे, नोटरी, टंकलेखन, नकलांचे अर्ज, बेलिफाची खेप, आणि प्रतिपक्ष जितके असतील तितक्या प्रती. हे सारे त्या वकिलाच्या खिशातून जाते. आणि पक्षकार परगावचा असला तर तारखेच्या दिवशी त्याच्या जेवणाचे व परतीच्या एस.टी.चेही वकिलासच पाहावे लागते.

कोणी म्हणेल, नादारीची सोय आहेच की. आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या तेहेतिसाव्या आदेशाखाली, कोर्ट-फी भरण्याची ऐपत नसलेल्या माणसास ती न भरता दावा लावता येतो, आणि ज्या दाव्यास फीच ठरलेली नसेल तेथे, जप्तीतून वगळलेल्या वस्तू सोडून, हजार रुपयांच्या मालमत्तेचाही जो धनी नाही तो नादार समजावा, असे तेथे नमूद आहे. हा हजाराचा आकडा 1976च्या दुरुस्तीचा; तेव्हापासून सोने कोठल्या कोठे गेले, हजार रुपये मात्र जागचे हललेले नाहीत. शिवाय अर्जदाराच्या गरिबीची चौकशी होते, सरकारी वकिलास नोटीस जाते, प्रतिपक्षास हरकत घेता येते. म्हणजे जमिनीचा दावा लढण्यापूर्वी माणसाने आपल्या दारिद्र्याचा दावा जिंकावयाचा, आणि तोही पुराव्यानिशी!

कागदाला मी एवढे महत्त्व का देतो, असे वाटणाऱ्यांनी होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा 1978चा निवाडा पाहावा. मोफत वकिलाच्या हक्काचा प्रश्न निघाला की वकीलमंडळी या निवाड्याचे नाव आदराने घेतात. पण त्याच्या मुळाशी होती ती एक साधी नक्कल. बनावट पदवीपत्रांच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने 1973 साली तीन वर्षांची शिक्षा दिलेला हा बंदी, निकालाची नक्कल हाती न आल्यामुळे अपिलास काही वर्षांचा विलंब झाला, असे सांगत सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याची याचिका फेटाळली गेली. परंतु बंद्यास निकालाची नक्कल वेळेत व विनामूल्य मिळाली पाहिजे, आणि ज्याची ऐपत नाही त्यास अपिलाकरिता सरकारने वकील दिला पाहिजे, असे न्या. कृष्ण अय्यर यांनी त्यानिमित्ताने बजावले. नक्कल आणि वकील ही दोन्ही त्यांनी एकाच दमात मागितली, हे आमच्या वक्त्यांनी ध्यानी घ्यावयास हवे होते.

आता कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच आले आहे. दीर्घ आंदोलनानंतर 18 ऑगस्ट 2025 पासून सीपीआर रुग्णालयासमोरील जुन्या न्यायालयाच्या वास्तूत त्याचे कामकाज सुरू झाले, सहा जिल्ह्यांच्या लोकांची मुंबईवारी टळली, आणि महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये फाईल उशाला घेऊन निजणाऱ्या पक्षकारांची जात आता नामशेष होईल, याचा मला निर्भेळ आनंद आहे. परंतु खालच्या कोर्टातील कागद मराठी आणि 348व्या अनुच्छेदान्वये उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी. म्हणजे पक्षकाराचा प्रवास वाचला तरी त्याच्या कागदांना मराठीतून इंग्रजीत जावेच लागते, आणि त्या प्रवासाचे भाडे पानागणिक पडते. ज्येष्ठ वकिलाकडे त्यासाठी माणसे असतात. फुकट काम करणारा तरुण वकील स्वतः रात्री जागून भाषांतर करतो. या शहराची कीर्ती वास्तविक याहून वेगळ्या रीतीची आहे. शाहू महाराजांनी अस्पृश्य तरुणांस वकिलीच्या सनदा दिल्या, हे आपण दर जयंतीस ऐकतो. परंतु नुसत्या उपदेशाने मुले शिकत नाहीत, त्यांस आधी राहावयास जागा लागते, हे ओळखून 1901 पासून त्यांनी वसतिगृहांची रांग उभी केली, याचे मर्म आपण विसरतो.

आणि भाषांतरापर्यंत तरी गोष्ट जावी! समारंभात माझ्या शेजारी बसलेल्या त्या तरुण वकिलाकडे भुदरगडाकडील एक वृद्ध बाई जमिनीच्या वाटणीचे प्रकरण घेऊन आली आहे. तिने फडक्यात बांधून आणलेल्या कागदांत तीन-चार कागद मोडी लिपीत आहेत. “साहेब, सासऱ्याचं नाव हाय का ह्यात, तेवढं बघा,” एवढीच तिची विनंती. आणि कायद्याची पदवी घेतलेल्या, तीन भाषा जाणणाऱ्या या वकिलास त्या कागदातील एक ओळही लागत नाही. यात त्याचा दोष नाही. त्याच्या वडिलांच्याही शाळेत मोडी नव्हती. संस्थानी अमलातील वाटणीपत्रे, गहाणखते, इनामांचे हुकूम हे सारे त्याच लिपीत; कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात तर संस्थानच्या मोडी दप्तराचे रुमालच्या रुमाल आहेत. वाचणारे थोडे, आणि 2023 साली न्या. संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध आरंभल्यापासून त्या थोड्यांनाही उसंत नाही. या वकिलाने ज्या जाणकारास विचारले, त्याने दर सांगितला आणि दोन महिन्यांनी या म्हणून सांगितले. दर वाजवीच होता. विद्येचे मोल कोणी मागू नये असे मी म्हणणार नाही. पण कागदात सासऱ्याचे नाव नसेलच, तर ते कळण्याकरिता म्हातारीने अगोदर पैसे मोजावयाचे, किंवा तिच्या वकिलाने, ही गोष्ट मला पटत नाही.

कोर्टात दाखल करावयाचे लिप्यंतर अधिकृत माणसाकडूनच करून घ्यावे लागते, हे मला ठाऊक आहे. मी बोलतो आहे ते त्याच्या आधीच्या वाचनाविषयी. कागद उपयोगाचा की निरुपयोगी, एवढे सांगण्याविषयी. पुराभिलेख संचालनालयाच्या मोडी वर्गांना जाऊन आलेले, प्रमाणपत्र चौकटीत लावलेले आणि पुढे त्या विद्येस काही कामच न मिळालेले निवृत्त शिक्षक, तलाठी, बँकेतील कारकून या शहरात पुष्कळ आहेत. त्यांपैकी काहीजण हे सदर वाचून मला शुद्धलेखनाच्या चुका कळवितात, म्हणजे त्यांना वेळही आहे. अशांनी महिन्यातील एखादी दुपार द्यावी, कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जाऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा वकिलांच्या बाररूममध्ये आपले नाव आणि फोन नंबर ठेवून यावा. भुदरगडच्या बाईची पुढची तारीख जवळ आली आहे, आणि तिचे कागद अजून कोणी वाचलेले नाहीत.