सही करण्याआधी हप्ता काढून पाहा

सीईटीचा निकाल लागला की घरोघरी एकच धोशा सुरू होतो: काहीही करा, पण कम्प्युटर इंजिनिअरिंगच घ्या. पैशांचं विचारलं तर उत्तर तयार असतं, साडेसात लाखांपर्यंत बँक तारणसुद्धा मागत नाही. खरं आहे. पण वडील त्या कागदावर सहकर्जदार म्हणून सही करतात आणि मुलाचे हप्ते थकले तर सिबिल स्कोअर दोघांचाही बिघडतो. म्हणून सही करण्याआधी वहीचं एक पान घ्या आणि हिशेब मांडा.

समजा, वर्षाला दीड लाख याप्रमाणे चार वर्षांत सहा लाख उचलले. व्याज धरू १० टक्के. शिकत असताना आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नसतो, म्हणून लोकांना वाटतं व्याजही नसतं. ते पहिली रक्कम उचलल्या दिवसापासून चालू असतं. सरळव्याजाने ते पाच वर्षांत २ लाख १० हजार होतं आणि मुदलात जाऊन बसतं. म्हणजे फेड सुरू होते ८ लाख १० हजारांपासून. दहा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता १०,७०० रुपयांच्या आसपास. पंधरा वर्षांची घेतली तर ८,७०० रुपये. पण मग सहा लाखांपोटी साडेपंधरा लाखांहून जास्त भरले जातात.

आता पगार. मोठ्या आयटी कंपन्या नव्या इंजिनिअरला घाऊक भरतीत जे पॅकेज देतात, ते गेली कित्येक वर्षं साडेतीन लाखांच्या आगेमागेच घोटाळतं आहे. टीसीएसच्या 'निंजा' भरतीचा आकडा ३ लाख ३६ हजार. त्यातून पीएफचे दोन्ही वाटे, ग्रॅच्युइटी, विमा, व्यवसाय कर वजा केला की हातात महिना चोवीस हजारांच्या आसपास येतात. पुण्यात हिंजवडीजवळ कॉटबेसिसवर राहायचं, डबा लावायचा, बसचा पास काढायचा, आणि वर दहा हजार सातशेंचा हप्ता. घरी पैसे पाठवणं दूरच, घरूनच मागवावे लागतात.

"पण कॉलेजच्या गेटवर बेचाळीस लाखांचं पॅकेज लावलंय!" लावू द्या. तो एका मुलाचा फोटो असतो. तुम्हाला पाहायचा आहे तो मधल्या मुलाचा पगार, आणि तो लपवलेला नसतो. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणारी कॉलेजं आपली माहिती पीडीएफच्या रूपात स्वतःच्या वेबसाइटवर ठेवतात. ती उघडा. चार वर्षांच्या पदवीच्या तक्त्यात किती मुलांनी प्रवेश घेतला, किती वेळेत पास झाली, किती जणांना नोकरी लागली आणि त्यांचा मीडियन पगार किती, हे ओळीने दिलेलं असतं. मीडियन म्हणजे निम्म्यांना याहून कमी मिळालं. हा आकडा फक्त नोकरी लागलेल्यांचा असतो, म्हणून शेजारचा रकाना सोडू नका. शिवाय तो सगळ्या शाखांचा मिळून असतो. कम्प्युटरचा वेगळा हवा तर प्लेसमेंट ऑफिसात जाऊन मागा. आढेवेढे घेतले तर काय समजायचं ते समजा.

माझा ठोकताळा असा: फेड सुरू होताना असलेली कर्जाची रक्कम त्या कॉलेजच्या मीडियन वार्षिक पगाराहून जास्त नसावी. चार लाखांचा मीडियन असलेल्या कॉलेजसाठी आठ लाखांचं ओझं घेऊ नये, मग शाखेचं नाव कम्प्युटर असो की एआय. २०२४-२५पासून एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेने जागांवरची कमाल मर्यादा उठवल्यावर कम्प्युटरच्या तुकड्या भराभर वाढल्या आहेत. ही मुलं एकाच वेळी बाजारात उतरणार आहेत, तेव्हा पगार वाढतील या भरवशावर तर हिशेब मुळीच मांडू नका.

मॅनेजमेंट कोट्यासाठी कर्ज काढण्याच्या मी सरळ विरोधात आहे. तिथे फी जास्त जाते आणि राज्य सरकारच्या फीसवलती केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, प्रवेश घेतला तरच मिळतात, त्यामुळे दोन्हीकडून फटका बसतो. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर कॅपचा पर्याय अर्ज भरताना टीएफडब्ल्यूएस या शुल्कमाफी योजनेच्या जागा आधी टाका. त्यांच्या कोडच्या शेवटी टी असतो आणि शिक्षण शुल्क माफ असतं. कटऑफ चढा असतो, पण अर्जात टाकायला पैसे पडत नाहीत. याच उत्पन्नमर्यादेत ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना २०२४पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. ही माहिती अजून कितीतरी घरांत पोचलेली नाही. दहावीनंतरच्या मुलांना डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येण्याची वाट आहेच. वर्षं तेवढीच लागतात, पण महागड्या फीची तीनच भरावी लागतात.

आणि ज्यांनी कर्ज काढलंच आहे, त्यांनी निदान शिकतानाचं आणि त्यानंतरच्या एका वर्षाचं व्याज दरमहा भरत जावं. वरच्या उदाहरणात ते पहिल्या वर्षी महिना १,२५० रुपये आहे, चौथ्या वर्षापासून पाच हजार. तेवढं भरत राहिलात तर फेड सहा लाखांपासूनच सुरू होते आणि दहा वर्षांचा हप्ता आठ हजारांच्या आत येतो. असं व्याज वेळेवर भरणाऱ्यांना काही बँका दरात एक टक्का सूटही देतात. मॅनेजर आपणहून सांगेलच असं नाही, विचारून घ्या.