उंबऱ्यापाशी पाय का अडतो?



केज तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आमच्यासमोर आहे. सासऱ्यांचे वय सत्तरीच्या पुढे. सारा जन्म ऊसतोडीत गेला. दोन वर्षांपासून त्यांचे चालणे बिघडले आहे. पाऊल लहान पडते, पाय घासत जातो, आणि घराच्या उंबऱ्यापाशी आले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. मागून कोणी "चला की मामा, लवकर" म्हटले की अधिकच अडतात. शेजारी म्हणतात, म्हातारा चोरून घेतो. कोणी म्हणते, बाहेरचे आहे, अमक्या बाबाचा अंगारा लावा. नवरा चिडतो, कारण हेच वडील विहाराच्या पायऱ्या मात्र न थांबता चढून जातात. मग घरातच हे सोंग कशाला? दसऱ्यानंतर दोघांना कोयता घेऊन कारखान्यावर जायचे आहे. "त्यांना घरी ठेवून जावे की नाही, एवढे सांगा," असे भगिनीने विचारले आहे.

माणूस न पाहता आम्ही रोगाचे नाव ठरवू शकत नाही. ते काम डॉक्टरांचे. परंतु पायऱ्या चढता येतात आणि उंबरा ओलांडता येत नाही, हे सोंगाचे लक्षण नसून कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सनच्या आजाराचे ओळखीचे लक्षण आहे. हात थरथरत नसले तरी हा आजार असू शकतो. पुष्कळ कुटुंबे थरथर नाही म्हणून निश्चिंत राहतात आणि तेथेच फसतात.

या आजाराला ज्याचे नाव आहे तो माणूस आपल्या वाचकांना आवडेल असा होता. जेम्स पार्किन्सन हा लंडनच्या गरीब वस्तीतला डॉक्टर. त्याचा जन्म ११ एप्रिल १७५५ चा. ११ एप्रिल म्हणजे महात्मा जोतीराव फुले यांचीही जयंती. आपण जयंतीची तयारी करतो त्याच दिवशी जगभर पार्किन्सन दिन पाळला जातो, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. सामान्य माणसाला मताचा अधिकार मिळावा म्हणून पार्किन्सनने 'ओल्ड ह्यूबर्ट' या टोपणनावाने पत्रके लिहिली. १७९४ साली राजाच्या मंत्र्यांपुढे त्याची चौकशीही झाली. १८१७ साली त्याने या आजारावर एक छोटेसे पुस्तक लिहिले. त्यात अवघे सहा रुग्ण आहेत, आणि त्यांपैकी काही त्याला रस्त्यावर चालताना दिसलेले. अंग पुढे झुकलेले, चालता चालता नकळत पावले पळू लागलेली, हे त्याने नुसत्या नजरेने टिपले. ज्या माणसांकडे पाहून लोक हसत असतील, त्यांच्याकडे तो थांबून पाहत राहिला. पुढे फ्रान्समधील शार्को या डॉक्टराने आजाराला त्याचे नाव दिले.

आता आत काय बिघडते ते पाहू. आपण चालतो तेव्हा प्रत्येक पावलाचा विचार करीत नाही. डोक्यावर घागर, काखेत लेकरू आणि तोंडाने बोलणे चालू असते, तरी पाय आपोआप पडतात. ही सवयीची वाट मेंदूच्या खोल भागातून जाते. तेथील काळसर पेशी डोपामिन नावाचे द्रव्य तयार करतात. कंपवातात या पेशी हळूहळू मरतात आणि सवयीची वाट बंद होत जाते. पाऊल आखूड होते, एका हाताचा झोका कमी होतो, वळताना सारे अंग लाकडासारखे एकदम फिरते. दार, अरुंद बोळ, वळण, गर्दी, घाई अशा ठिकाणी पाय खिळतात. मात्र पायांत जोर असतो. आणि डोळ्यांनी पाहून, कानांनी ऐकून, मनात ठरवून पाऊल टाकण्याची दुसरी वाट बऱ्याच अंशी उघडी राहते. विहाराची पायरी डोळ्यांना दिसते, पाय कोठे ठेवायचा ते ती सांगते, म्हणून सासरे चढतात. घरातली सपाट जमीन काहीच सांगत नाही.

पुण्याच्या मिलेहा सोनेजी या तरुण डिझायनरने हेच आपल्या काकांच्या बाबतीत पाहिले. काकांना सपाट जमिनीवर चालणे जड जाई, पण जिना ते सरळ उतरत. तिने जिन्याचे सपाट चित्र काढून ते जमिनीवर चिकटवले आणि काका त्यावरून चालू लागले. २०१५ साली तिने हे जगापुढे मांडले. ना यंत्र, ना वीज, नुसते चित्र. त्याआधी २०१० साली हॉलंडमधील डॉक्टर बास्टियान ब्लूम यांनी अशाच एका ५८ वर्षांच्या माणसाची हकीगत प्रसिद्ध केली होती. त्याला चार पावले नीट टाकता येत नव्हती, पण सायकल तो झोकात चालवी. (आपल्या रस्त्यांवर हा प्रयोग कोणी करू नये, हे सांगायला नकोच.)

बोधगयेला गेलेल्या उपासक-उपासिकांनी महाबोधी विहाराच्या उत्तरेच्या बाजूला चंक्रमणाचा ओटा पाहिला असेल. तथागतांनी जेथे चंक्रमण केले असे परंपरा मानते, तेथे पावलापावलावर दगडी कमळे आहेत. ती औषध म्हणून कोरलेली नाहीत, आणि त्यांत चमत्कार आहे असेही आम्ही म्हणत नाही. पण पाऊल कोठे ठेवायचे ते डोळ्यांना दाखवायचे आणि लक्ष त्या पावलावर ठेवायचे, एवढेच कंपवाताच्या रुग्णाला हवे असते.

म्हणून त्या भगिनीने पहिले काम करावे ते हे. खाटेपासून दारापर्यंत आणि दारापासून शौचालयापर्यंत जमिनीवर चुन्याच्या किंवा रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या रेघा ओढाव्यात. दोन रेघांत सुमारे दीड फूट, म्हणजे सासऱ्यांना झेपेल असे एक पाऊल अंतर असावे. उंबऱ्याच्या अलीकडे आणि पलीकडे एकेक रेघ हवीच. रेघ ओलांडून पाय टाकायचा, रेघेवर नाही. पाय खिळले की ओढू नये, ढकलू नये, "चला चला" म्हणू नये. आधी थांबू द्यावे. मग अंगाचा भार एकदा डाव्या, एकदा उजव्या पायावर घेऊ द्यावा आणि "एक, दोन" म्हणत मोठे पाऊल टाकायला सांगावे. ठेका हाही चांगला आधार आहे. संथ, एकसारख्या ठेक्याचे भीमगीत मोबाईलवर लावून त्या तालावर चालवून पाहावे. जयंतीच्या मिरवणुकीतली हलगी नको, ती फार वेगाची. वळताना एका जागी गर्रकन फिरू नये, गाडीबैल वळवतो तसा मोठा वळसा घ्यावा. चालताना हातात तांब्या देऊ नये आणि बोलण्यात गुंतवू नये. वाटेतली गोधडी, पोते, सैल चप्पल दूर करावी. रात्री दिवा असू द्यावा. म्हातारपणी पडून खुबा मोडला की पुष्कळ जण पुन्हा उठत नाहीत.

दुसरे काम म्हणजे मोजणे. आमच्या मते हेच सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे. डॉक्टरांपुढे रुग्ण अनेकदा चांगला चालतो, कारण तेथे त्याचे सारे लक्ष चालण्यावर असते. मग डॉक्टरांना खरे कसे कळावे? १९९१ साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी घरी करता येते. हाताची खुर्ची घ्यावी, तिच्यापुढे ३ मीटरवर, म्हणजे सुमारे दहा फुटांवर, खूण करावी. रुग्णाने उठायचे, खुणेपर्यंत जायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. मोबाईलच्या घड्याळात सेकंद मोजावेत. धडधाकट वृद्ध माणूस हे साधारण दहा सेकंदांत करतो. बारा किंवा अधिक सेकंद लागले तर पडण्याचा धोका आहे असे धरावे. वळायला किती पावले लागली तेही लिहावे. चाचणीच्या वेळी जवळ कोणी उभे असावेच. औषध सुरू झाल्यावर ही चाचणी गोळीपूर्वी एकदा आणि गोळीनंतर तासाभराने एकदा करावी. पाय फक्त गोळीचा अंमल उतरल्यावर खिळतात की गोळी चढलेली असतानाही, यावर डॉक्टरांचा पुढचा निर्णय अवलंबून असतो. उंबऱ्यापाशी पाय अडतो त्याचे मोबाईलवर चित्रण करून न्यावे. दहा वाक्यांपेक्षा ते अधिक सांगते.

सोबत घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात. याचे कारण महत्त्वाचे आहे. चक्कर येते म्हणून दिलेली सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन, उलटीसाठीची मेटोक्लोप्रमाइड, मानसिक आजारावरची हॅलोपेरिडॉल, ही औषधे बरेच दिवस चालली तर हुबेहूब कंपवातासारखी चाल होऊ शकते. चक्करेची गोळी आपल्याकडे वर्षानुवर्षे दुकानातून आणून खाल्ली जाते. कारण तेच असेल तर डॉक्टर औषध बदलतात आणि काही आठवड्यांत वा महिन्यांत चाल सुधारू शकते. मानसिक आजाराची गोळी मात्र आपल्या मनाने कधीही बंद करू नये. मधुमेहाने पाय बधिर होऊनही चाल बिघडते. बाबासाहेबांना अखेरच्या वर्षांत मधुमेह व पायांच्या दुखण्याने काठीचा आधार घ्यावा लागला होता, ते दुखणे वेगळे. आणि चालणे एकाएकी, एका दिवसात गेले असेल तर तो पक्षाघात असू शकतो. त्या वेळी पत्र लिहीत बसू नये, त्याच तासाला रुग्णालय गाठावे.

कंपवातावरचे मुख्य औषध लेव्होडोपा. ते कार्बिडोपाबरोबर एकाच गोळीत मिळते. मेंदूत त्याचे डोपामिन होते. त्याने रोग मुळासकट जात नाही, पण चाल, ताठरपणा, खुर्चीतून उठणे यांत पुष्कळ फरक पडतो. गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने घ्यावी. डाळ, अंडी, मटण, दूध यांच्याबरोबर घेतली तर तिचा अंमल कमी होतो. सुरुवातीला मळमळ होऊ शकते, तेव्हा डॉक्टरांना विचारावे. वेळ चुकली की पाय खिळलेच, असे पुष्कळांचे होते. गोळी अचानक बंद करणे धोक्याचे आहे. गोळीबरोबर रोजचा चालण्याचा व उठबशीचा व्यायाम हवा. तो फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्यावा. मेंदूत तारा बसवण्याची शस्त्रक्रियाही आहे, पण तिचा खर्च लाखांत जातो आणि ती सर्वांना लागू पडत नाही.

खाजकुइलीबद्दल विचारणारे वाचक असतातच. त्यात तथ्य आहे. तिच्या बियांत लेव्होडोपा असल्याचे १९३७ साली दामोदरन व रामस्वामी या भारतीय शास्त्रज्ञांनी दाखवले. पण कोणत्या बीत किती आहे ते डोळ्यांनी कळत नाही. गोळी चालू असताना वर पूडही घेतली तर मात्रा दुप्पट होऊन बसेल. अंगाऱ्यात तर लेव्होडोपाही नाही.

तपासणीसाठी बीडचे जिल्हा रुग्णालय आहे. केजकरांना अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडेल. तेथून गरज वाटल्यास छत्रपती संभाजीनगरच्या घाटीत पाठवतील. सासऱ्यांचे वय ७५ च्या वर असेल तर एस.टी. चा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून मोफत आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सनच्या आजाराचे नाव आहे. अपंगत्व ४० टक्के वा अधिक ठरले तर प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा.

आता भगिनीचा खरा प्रश्न. आज ज्या स्थितीत ते आहेत, त्या स्थितीत त्यांना एकटे ठेवून जाऊ नये. फडावर बरोबर नेणेही बरे नव्हे. कोपीचे दार बुटके, जमीन ओबडधोबड, तुमचा दिवस पहाटे सुरू होणार आणि गोळीची वेळ कोणी पाळणार नाही. एकाने मागे राहावे तर कोयता अर्धा होतो आणि मुकादमाची उचल डोक्यावर राहते. हे आम्हाला कळते, म्हणूनच दसऱ्याची वाट पाहू नका. या आठवड्यातच अंबाजोगाई गाठा. गोळीची मात्रा जुळायला काही आठवडे लागतात. मात्रा जुळली की खुर्चीची चाचणी पुन्हा घ्या. सेकंद कमी झाले, रेघांवरून ते आपले आपण शौचालयापर्यंत जाऊन आले आणि महिनाभरात एकदाही पडले नाहीत, तर वस्तीतल्या एखाद्या विश्वासू घराकडे गोळ्यांचे वेळापत्रक, दोन वेळचे जेवण आणि रात्रीची सोबत सोपवून जाण्याचा विचार करता येईल. नाही तर या हंगामात एकाने थांबावे. आणि नवऱ्याला हे पत्र वाचून दाखवा. वडील सोंग करीत नाहीत, एवढे तरी त्यांच्या कानावर आजच जाऊ द्या.