पेसमेकर, बायपास, आखडलेला खांदा... सीट बेल्ट टोचतो? काढू नका, नीट बसवा

अमरावती ते अकोला हे अंतर साधारण १०० किलोमीटर. जून २०२२ मध्ये याच महामार्गावर सलग ७५ किलोमीटर डांबरीकरणाचा गिनीज विक्रम झाला. रस्ता सुधारला, वेग वाढला; पण साठी ओलांडलेले अनेक चालक पोलीस दिसले तरच बेल्ट लावतात. कारण विचारले तर उत्तर एकच, ‘त्रास होतो.’ त्रास खरा आहे. उपाय चुकीचा आहे.

बेल्ट का हवाच?

ताशी ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर धावते. धडकेत गाडी थांबते, शरीर थांबत नाही. बेल्ट तो धक्का छाती व कमरेच्या हाडांवर वाटून देतो. वयाने हाडे ठिसूळ होतात, बेल्टमुळे बरगडीला इजाही होऊ शकते. पण स्टिअरिंगवर आदळणे त्याहून कितीतरी घातक. एअरबॅगही बेल्ट लावलेल्या माणसासाठीच बनवलेली असते.

असा लावा

■ खालचा पट्टा पोटावर नको. मांड्यांलगत, कमरेच्या हाडांवर हवा.

■ वरचा पट्टा गळ्याला न घासता खांद्याच्या मधून, छातीवरून यावा. काखेखालून किंवा पाठीमागून कधीच नको. अनेक गाड्यांत दाराजवळच्या खांबावर त्याची उंची बदलता येते.

■ छाती आणि स्टिअरिंगमध्ये किमान २५ सेंटीमीटर अंतर ठेवा.

■ पेसमेकरच्या जागी टोचत असेल तर पातळ मऊ कापड ठेवा. जाड उशीने पट्टा सैल पडतो.

■ बायपासनंतर डॉक्टर सांगेपर्यंत गाडी चालवू नका. मागे बसा, बेल्ट लावूनच. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात सायरस मिस्त्री मागच्याच सीटवर होते, बेल्टविना.

■ अलार्म बंद करणारी क्लिप वापरू नका.

बेल्ट नसल्यास कलम १९४-ब नुसार १,००० रुपये दंड आहे. पण दंडाच्या भीतीने टोचणारा बेल्ट सुसह्य होत नाही. रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डावर गोळ्या आणि पथ्यासोबत ‘बेल्ट कसा लावावा’ ही एक ओळ यायला हवी. ती येईपर्यंत हे काम घरच्यांचे. येत्या रविवारी बाबांच्या गाडीत पाच मिनिटे बसा आणि त्यांचा बेल्ट नीट बसवून द्या.