‘एम’च्या कुर्त्यात ‘एल’चे खांदे

बांगड्या भरायला बसलेल्या बाईला कासार कधी वजन विचारत नाही. तो हात हातात घेतो, अंगठा तळव्याच्या आत दुमडून पाहतो, चारही बोटांची मुळं आवळतो आणि मागच्या पोराला सांगतो, “अडीच काढ.” शेजारी बसलेली जाऊ अंगाने तिच्यापेक्षा चांगली भरलेली असते, पण तिच्या हातात सव्वादोन सहज जाते. यात दोघींनाही कमीपणा वाटत नाही. सव्वादोनची बांगडी चढावी म्हणून कुणी दोन महिने रात्रीचं जेवण सोडल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. हाडाला कोण काय करणार, एवढी समज प्रत्येकीला असते.

त्याच दोघी तासाभराने रेडिमेडच्या दुकानात शिरतात तेव्हा ही समज कुठे जाते कोण जाणे. ‘एल’ खांद्यावर नेमका बसलाय हे आरशात दिसत असताना अडीचवाली ‘एम’ मागते. “घेऊन ठेवते, तोवर कमी होईन.” असे ‘तोवर’चे किती कपडे मराठी घरांतल्या कपाटांत टॅगसकट पडून असतील, देवच जाणे.

या विषयावर लिहायचं मनात होतंच, त्यात नाशिकहून एका वाचक ताईंचं पत्र आलं. उंची ५ फूट ३ इंच, वजन ६८ किलो. धाकट्या बहिणीच्या लग्नापर्यंत वजन ५० वर आणायचं आहे आणि ‘एम’मध्ये मावायचं आहे. पत्राच्या शेवटी एक प्रश्न : ‘आमच्याकडे सगळे हाडापेराने मोठे. मग मला ५० होता येईल का?’ मी उलट टपाली त्यांना एवढंच विचारलं, की मनगट किती? साडेसोळा सेंटीमीटर, असं उत्तर आलं.

मनगटच का, तर तिथे चरबी फारशी साठत नाही, त्यामुळे फीत जवळजवळ हाडच मोजते. सेंटीमीटरमधल्या उंचीला मनगटाच्या घेराने भागायचं. बायकांच्या बाबतीत उत्तर ११ च्या वर आलं तर चण लहान, १०.१ ते ११ च्या दरम्यान मध्यम आणि त्याखाली थोराड. पुरुषांसाठी हेच आकडे १०.४ आणि ९.६. ताईंची उंची १६० सेंटीमीटर, भागाकार ९.७. म्हणजे ‘आमच्याकडे सगळे हाडापेराने मोठे’ हे त्यांच्यापुरतं तरी खरं होतं. याच उंचीच्या बाईचं मनगट १४ सेंटीमीटर असतं तर भागाकार ११.४ आला असता. उंची तीच, पण सांगाडे दोन निराळे.

आता ५० हा आकडा. तो ताईंना कुठून मिळाला हे त्यांनी लिहिलं नाही, पण मला अंदाज आहे. सेंटीमीटरमधल्या उंचीतून १०० वजा करा, आणि बायकांनी त्यातून आणखी दहा-पंधरा टक्के काढा, असा एक हिशेब आपल्याकडे फॅमिली डॉक्टरांपासून जिमच्या ट्रेनरपर्यंत सगळे सांगतात. तो पॉल ब्रोका या एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच शल्यविशारदाच्या नावावर आहे. त्यात फक्त उंची आहे, हाडाचा विचारच नाही.

तो विचार पहिल्यांदा जोरात केला तो विमा कंपनीने. अमेरिकेतल्या मेट्रोपोलिटन लाइफने १९४२-४३ मध्ये उंची-वजनाचे तक्ते काढले आणि त्यात प्रत्येक उंचीसमोर लहान, मध्यम आणि मोठी चण असे तीन रकाने पाडले. गंमत अशी, की चण मोजायची कशी हे सांगितलंच नव्हतं. ज्याने त्याने आपल्याला सोयीचा रकाना निवडावा. आणि सोयीचा कोणता, ते सांगायला नको. पुढे १९८३ च्या सुधारित तक्त्यात कोपराची रुंदी आली. हात काटकोनात दुमडायचा आणि कोपराच्या दोन बाजूंच्या हाडांच्या गाठींमधलं अंतर मोजायचं. पाच फुटांपासून ५ फूट ३ इंचांपर्यंतच्या बायकांची मध्यम चण म्हणजे सव्वादोन ते अडीच इंच. हे वाचून मला कासार आठवला. त्याचा दोन-चार म्हणजे दोन इंच चार आणे, अर्थात सव्वादोन. आणि दोन-आठ म्हणजे अडीच. इंचाचे सोळा आणे करणाऱ्या आपल्या कासाराचा आणि न्यूयॉर्कच्या विमा कंपनीचा काही संबंध नाही, एक पंजा मोजतो, दुसरी कोपर. पण आकडे जुळले खरे!

त्या तक्त्यात ५ फूट ३ इंचांच्या बाईसमोर लहान चणीला साधारण ५० ते ५६ किलो आणि मोठ्या चणीला ५९ ते ६७ किलो असं लिहिलं आहे. म्हणजे ताईंनी मागितलेले ५० किलो हे त्यांच्याच उंचीच्या, पण निराळ्या बाईचं वजन आहे. तिथे पोचायचं तर चरबी जाऊन भागणार नाही, स्नायूही जाळावे लागतील. लग्नाच्या फोटोत गालफडं बसलेली दिसतील आणि सहा महिन्यांत सगळं व्याजासकट परत येईल.

पण ६७ वर बोट ठेवून ‘मग मी जवळजवळ बसतेच की’ म्हणायची सोय नाही. हा तक्ता अमेरिकेतल्या विमाधारकांच्या मृत्यूंच्या हिशेबावरून बनलेला, आणि तोही एक इंच टाचेचे बूट व कपडे घालून केलेल्या मोजमापांचा. भारतीयांसाठी २००९ मध्ये आपल्या डॉक्टरांनी मिळून बीएमआयची (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) जी मर्यादा ठरवली, ती २३ पाशी थांबते. त्यापुढे जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा. १६० सेंटीमीटरला २३ म्हणजे ५९ किलोंच्या आत-बाहेर. ताईंसाठी मला योग्य वाटला तो हाच आकडा, ५९-६०. चण थोराड म्हणून काठावर राहायला हरकत नाही. म्हणजे आठ-नऊ किलो, अठरा नव्हेत.

आणि हाडाचं कौतुक किती करायचं यालाही माप आहे. श्रीखंडाची दुसरी वाटी पुढे ओढताना ‘आमच्या घराण्याचं हाडच जड’ म्हणणारे काका प्रत्येक पंगतीत असतात. ६० किलोंच्या बाईचा सगळा सांगाडा, आतल्या मज्जेसकट, ८ किलोंच्या आसपास भरतो. तो पाव हिस्सा जड धरला तरी फरक दोन किलोंचा. रुंद सांगाड्यावर स्नायूही थोडे जास्त असतात, ते मिळवले तरी मध्यम चणीपासून थोराड चणीपर्यंतचं अंतर पाचेक किलोंचं होतं. विमा कंपनीच्या रकान्यांतही मध्यावरून मध्यापर्यंत तेवढंच येतं. त्यापुढचं जे काही आहे ते घराण्याचं नाही, वाटीचं आहे.

आता कपड्यांकडे वळतो, कारण खरी रड तिथे आहे. आमच्या गल्लीतल्या टेलरची वही मी अधूनमधून चाळतो. एकेका गिऱ्हाइकाचं एक पान, वर कापडाचा तुकडा टाचलेला, खाली पेन्सिलीने आकडे : उंची, शोल्डर, छाती, कंबर, सीट, मुंढा. जुन्या गिऱ्हाइकांच्या पानावर वर्षावर्षाची मापं एकाखाली एक येतात. एका बाईंची कंबर ३४ ची ३० झाली, मग ३३, मग ३१. छातीही दीड-दोन इंचांनी खाली-वर झालेली. शोल्डरचा आकडा मात्र पहिल्या पानापासून साडेपंधरा, तो हललेला नाही. टेलरने तर शेवटच्या दोन खेपांना तो लिहायचीही तसदी न घेता नुसती खालीवर दोन टिंबं मारलीत. वजन कमी होतं तेव्हा काय घटतं आणि काय तसंच राहतं, याचं इतकं स्वच्छ चित्र मी कुठल्याच आहाराच्या पुस्तकात पाहिलेलं नाही.

रेडिमेडच्या तक्त्यात हे होत नाही. तिथे ‘एल’वरून ‘एम’वर उतरलात की छाती, कंबर, सीट, शोल्डर सगळेच हातात हात घालून खाली उतरतात. रुंद खांद्याच्या बाईची कंबर ‘एम’ची झाली तरी खांदे ‘एल’चेच राहतात, ‘एम’ घातला की मुंढ्यात काचतो, हात वर केला की पाठीवर ताणतो. ती घरी येऊन म्हणते, अजून कमी व्हायला हवं. कमी होऊन काय होणार? खांद्याची दोन टोकं हाडाची आहेत. अशा बाईने ‘एल’ घ्यावा आणि दोन्ही बाजूंनी कंबरेत टीप मारून घ्यावी. कोपऱ्यावरचा फिटिंगवाला हे काम हाताहाती करून देतो.

शिवाय हा ‘एम’ आहे कुणाचा? एका ब्रँडचा ३६ छातीचा, दुसऱ्याचा ३८ चा. अमेरिकेत १९३९-४० मध्ये सरकारने सुमारे १५ हजार बायकांची मापं घेतली. त्यावरून, टपालाने कपडे विकणाऱ्या कंपन्यांच्या सोयीसाठी, १९५८ मध्ये प्रमाण मापं ठरली. कंपन्यांनी ती हळूहळू धाब्यावर बसवली, गिऱ्हाईक खूश राहावं म्हणून तोच आकडा मोठ्या आणि मोठ्या कपड्यावर लावत गेल्या, आणि १९८३ मध्ये सरकारने ते प्रमाणच मागे घेतलं. आपल्याकडे तर स्वतःचं प्रमाण कधी नव्हतंच. निफ्ट या फॅशन-तंत्रज्ञान संस्थेने भारतीय मापांसाठी सहा शहरांत २५ हजार लोकांची मापं घेण्याचा प्रकल्प जाहीर केला तो २०१८ मध्ये. त्या सहांत मुंबई आहे. तेव्हा कॉलरमागच्या त्या अक्षरापायी रात्रीची भाकरी सोडण्याआधी ते अक्षर कुणी छापलं याचा थोडा विचार व्हावा.

कॉलेजातली जीन्स जपून ठेवणाऱ्यांसाठी आणखी एक वाईट बातमी. उंची वाढायची थांबली की हाडं वाढायची थांबतात असं आपण धरून चालतो. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २०११ मध्ये वेगवेगळ्या वयांच्या माणसांचे सीटी स्कॅन तपासले, तेव्हा विशीतल्यांपेक्षा ऐंशीला टेकलेल्यांचं कटीचं हाड जवळजवळ एक इंचाने रुंद निघालं. वजन कॉलेजाइतकं झालं तरी जीन्स कमरेवर अडकते, त्यात थोडा वाटा हाडाचाही आहे. देऊन टाका ती कुणाला तरी.

पुरुष वाचक एव्हाना गालात हसत असतील, म्हणून त्यांच्यासाठी दोन शब्द. ‘माझा पँटचा नंबर लग्नात ३४ होता, आजही ३४ आहे,’ असं सांगणाऱ्यांनी पट्टा कुठे बांधला आहे ते एकदा वाकून पाहावं, वाकता आलं तर. नंबर तोच राहिलाय, कारण पँट पोटाखाली सरकली आहे.

खरी काळजी मला वाटते ती सव्वादोनच्या बांगडीवाल्यांची. बारीक मनगट, अरुंद खांदे, सदा ‘एस’. यांना कुणी ‘कमी कर’ म्हणत नाही, उलट ‘काही खात नाहीस का गं’ विचारतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबत २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचंच उदाहरण छापलं. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. काटा दोघांना एकच सर्टिफिकेट देत होता. याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही मोजली आहेत. सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथहॅम्पटनच्या बाळांचं ३.५. आपली बाळं लहान, स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी त्या मानाने राखून ठेवलेली. हीच बाळं मोठी होऊन पस्तिशीत ‘एस’चा शर्ट घालतात आणि ऑफिसच्या आरोग्य तपासणीत साखर वाढलेली निघाली की रिपोर्ट चुकलाय म्हणून लॅबशी भांडतात. लहान चणीच्या माणसाला दहा किलो चरबी लपवायला कपडे बदलावे लागत नाहीत, एवढाच त्याचा दुर्दैवी फायदा. आणि जोर-बैठका, वजनं हे आपल्यासाठी नाहीच असं ठरवून बसलेला असतो तोही बहुतेक वेळा हाच. खरं तर स्नायूंची गरज त्यालाच सर्वांत जास्त.

म्हणून नाशिकच्या ताईंना मी ‘एम’बद्दल काही आश्वासन दिलं नाही. मापाची फीत घ्या, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर श्वास सोडून पोटाचा घेर मोजा, असं लिहिलं. बायकांना ८० सेंटीमीटर, पुरुषांना ९० ही आपली मर्यादा. किंवा उंचीच्या निम्म्याहून कमी, एवढं लक्षात ठेवलं तरी चालेल. तुमचा तो ८८ असेल तर ८० करायच्या मागे लागा, दर महिन्याला मोजा, आणि लग्नाचं ब्लाउज टेलरकडे टाकताना आत दोन इंच माया ठेवायला सांगा, म्हणजे पुढे-मागे उसवता येईल. बाकीच्यांनीही या रविवारी घरातल्या प्रत्येकाचं पोट मोजून बघा. आणि त्यात ‘एस’ घालणारं कुणी असलं आणि पोट मर्यादेबाहेर गेलेलं असलं, तर त्याची साखर आधी तपासून घ्या.