सज्जन आमदाराला पाडावे काय?

'आता बदल हवा!' निवडणूक जवळ आली की आपल्याकडच्या भिंतींना ही एवढीच वाचा फुटते. ज्या आमदाराने चार-पाच वेळा गुलाल अंगावर घेतला आहे, त्याच्याविरुद्ध तर हे वाक्य जणू पावसाळ्यातल्या गवतासारखे आपोआप उगवते. का बदल, कशासाठी बदल, हे कुणी विचारीत नाही. एक माणूस फार दिवस बसला, त्याला उठवा, एवढ्या भांडवलावर मोहीम उभी राहते. मुजोर आणि खाऊ आमदाराला पाडावे की नाही, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. खरा पेच पडतो तो सज्जनाला पाडण्याचा. आणि तो पेच आमच्या सांगोला तालुक्याने एकदा नव्हे, अनेकदा अनुभवला आहे.

गणपतराव देशमुख यांचे नाव वाचकांस नवे नाही. शेतकरी कामगार पक्षाचे हे कार्यकर्ते १९६२ साली पहिल्यांदा विधानसभेत गेले आणि एकाच मतदारसंघातून तब्बल अकरा वेळा निवडून आले. अखेरची निवडणूक त्यांनी २०१४ मध्ये जिंकली, तेव्हा वयाची पंच्याऐंशी उलटली होती. एस.टी.ने प्रवास करणारा आमदार ही त्यांची ख्याती महाराष्ट्रभर होती. ज्या तालुक्यात कापूस पिकत नाही, तिथे त्यांनी सहकारी सूतगिरणी उभी केली आणि ती चालवून दाखवली. त्यांच्या हातून पै-पैशाचा घोटाळा झाला, असे त्यांच्या विरोधकांनाही म्हणता आले नाही.

तरीही हा माणूस पडला! १९७२ साली पडला, १९७४ च्या पोटनिवडणुकीत पुन्हा आला. १९९५ साली काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांनी त्यांना १९२ मतांनी हरविले. एकशे ब्याण्णव! आमच्या गावातल्या एका आळीत याहून अधिक मते असतील.

वसतिगृहात हा विषय निघाला की दोन तट पडतात. एक तट म्हणतो, अशा माणसाविरुद्ध उभे राहणे हाच मुळी कृतघ्नपणा. दुसरा म्हणतो, पन्नास वर्षे म्हणजे जहागिरी झाली. मला दोन्ही बाजू आळशी वाटतात. मतदार हा काही कुणाचा ऋणको नव्हे, की उपकाराची फेड म्हणून दर पाच वर्षांनी मत टाकीत राहावे. उलट नुसती वर्षे मोजायची तर मग मतपेटीची गरजच काय? पंचांग पाहून आमदार बदलता येईल.

सांगोल्यात विरोधकांपुढे एक अडचण होती, आणि तीच मला मोलाची वाटते. इतरत्र 'खाल्ले, खाल्ले' एवढे ओरडले की सभा तापते. इथे तो दारूगोळाच नव्हता. मग उरला एकच प्रश्न, आणि तो खरा होता: पाणी. माण नदी कोरडी, पाऊस बेभरवशाचा, उन्हाळ्यात टँकरची वाट. इतकी वर्षे आमदार आहात, तर शिवारात पाणी का नाही? हा प्रश्न विचारणारा कृतघ्न नव्हे. हंड्यामागे धावणाऱ्या बाईला आमदाराच्या साधेपणाचे कौतुक किती दिवस पुरावे?

पण प्रश्न खरा असला तरी त्याचे उत्तर एका माणसाच्या खिशात नव्हते. आमच्याकडे पाणी आणायचे म्हणजे कृष्णेचे पाणी टेंभू, म्हैसाळसारख्या योजनांतून टप्प्याटप्प्याने उपसून वर चढवायचे. त्याला मंत्रिमंडळाची मंजुरी हवी, दरवर्षी अंदाजपत्रकात तरतूद हवी, आणि पंप चालू राहायचे तर विजेचे बिल कोण भरणार हेही ठरायला हवे. तेरा दुष्काळी तालुक्यांच्या पाणी चळवळीत नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर यांच्याबरोबर गणपतराव होते. आटपाडीच्या पाणी परिषदा त्यातूनच झाल्या. २८८ जणांच्या सभागृहात २०१४ साली त्यांच्या पक्षाचे अवघे तीन आमदार होते. तिघांनी काय करावे? बोलावे, अडवावे, पुन्हा बोलावे. त्यांनी ते केले.

इथेच तो युक्तिवाद पुढे येतो, ज्याची मला मनापासून चीड आहे. 'आपला आमदार सत्तेतला हवा, तरच निधी येईल.' शहाणीसुरती माणसेसुद्धा पारावर बसून हे ब्रह्मवाक्य ऐकवतात. मित्रहो, याचा अर्थ काय होतो? सरकारला प्रश्न विचारणारा निवडून द्याल तर तुमच्या शेताला पाणी मिळणार नाही, ही धमकी आपण व्यवहारज्ञान म्हणून गिळायची! असे प्रत्येक तालुक्याने ठरविले तर विरोधी बाकांवर उद्या कोण बसेल?

शिवाय हा हिशेब सांगोल्यातच खोटा ठरला आहे. १९९५ साली तालुक्याने काँग्रेसचा आमदार निवडला, आणि त्याच निवडणुकीत राज्यात काँग्रेसची सत्ता जाऊन युती आली. १९९९ साली शेकापच्या गणपतरावांना पुन्हा निवडले, तर तेच मंत्री झाले! २०१९ मध्ये गणपतराव उभे नव्हते. त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख ७६८ मतांनी पडले आणि शहाजीबापू शिवसेनेचे आमदार झाले. पाचही वर्षे ते सत्तेच्या बाजूला होते. (गुवाहाटीहून केलेल्या त्यांच्या फोनने सांगोल्याचे नाव घरोघर पोहोचले, ते वेगळेच!) निधीचे मोठमोठे आकडे ऐकले. तरी २०२४ च्या तिरंगी लढतीत ते पडले. निवडून आले ते गणपतरावांचे दुसरे नातू, डॉ. बाबासाहेब देशमुख, विरोधी बाकावर बसायला.

आता काही मित्र म्हणतील, हा तर घराण्याचा विजय. तो आक्षेप मी झटकून टाकणार नाही. आजोबांनी एस.टी.त घालवलेली वर्षे नातवाच्या खात्यावर जमा होत नाहीत. राजाराम-शिवाजीच्या गाद्या गेल्या आणि आमदारकीच्या गाद्या आल्या, असे आपल्या राज्यात कितीतरी तालुक्यांत म्हणता येईल. गणपतरावांच्या विरोधकांनी त्यांच्यापुढे जो पाण्याचा प्रश्न ठेवला, तोच नव्या आमदारापुढे अधिक कठोरपणे ठेवला पाहिजे.

जयप्रकाशांनी चुहत्तरच्या आंदोलनात निवडून दिलेल्या प्रतिनिधीला परत बोलावण्याचा हक्क मागितला होता. आमदाराबाबत तो आपल्याला आजही नाही. म्हणजे हाती पाच वर्षांतून एक दिवस. तो दिवस 'बदल हवा' एवढ्या दोन शब्दांत उधळणे मला परवडणारे नाही.

माझे पहिले मत २०२४ साली पडले. ते कुणाला, हे मी सांगणार नाही. घरीही सांगितलेले नाही. पुढच्या निवडणुकीत मात्र गावच्या चौकात जो कोणी मत मागायला येईल, बसलेला असो की त्याला उठवू पाहणारा, त्याच्यापुढे मी एक कोरा कागद धरणार आहे. आमच्या शिवारात पाण्याची आवर्तने किती आली, कोणत्या महिन्यात आली, पंपाचे बिल कुणी भरले आणि शेवटच्या शेताला पाणी पोहोचले की नाही, एवढेच त्याने त्यावर लिहावे.