मुहूर्त कुणाच्या मालकीचा?

मागल्या पौषात खुटबावला चुलतबहिणीचं लग्न काढलं. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब. त्यांच्याच खाली खिळ्याला कॅलेंडर. चुलत्यानं चष्मा चढवला, पान उलटलं. "पौषात नाय लावत रं. मुहूर्त नाय." मी म्हणालो, "तात्या, बावीस प्रतिज्ञा घेतल्यात ना आपण?" तर म्हणतात, "घेतल्यात की. पण पोरीच्या जल्माचा सवाल हाय."

दोस्तांनो, सवाल पोरीच्या जन्माचा नाही, आपल्या डोक्याचा आहे.

आधी हिशेब समजून घ्या. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी. महिन्यात अशा ३०. चंद्राची चाल कमीजास्त, म्हणून तिथी कधी १९ तासांची तर कधी २६ तासांची. घटका २४ मिनिटांची, दोन घटकांचा मुहूर्त. इथवर गणित आहे आणि गणिताशी आपलं वैर नाही. मी गोदीत राबतो. अमावास्या-पुनवेला उधाण, अष्टमीला भांग, हे पाणीच सांगतं. चंद्र खोटा नाही. पण अमावास्येला आमची पाळी चुकत नाही. राहुकाळ सरला म्हणून पाठीवरचं पोतं हलकं होत नाही.

भामटेगिरी त्यापुढची. ही घटका शुभ, ती अशुभ, हे कुठल्या दुर्बिणीतून दिसलं? उत्तरायण लागलं म्हणून १४-१५ जानेवारीला तिळगूळ वाटायचा. सूर्य तर २१-२२ डिसेंबरलाच उत्तरेला वळलेला असतो! मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली नेमलेल्या समितीनं हा घोळ मांडला, १९५७ ला राष्ट्रीय दिनदर्शिका आली. संक्रांत जागची हलली नाही. ज्यांना तीन आठवड्यांची चूक पचते, ते आपल्या पोरीबाळींना मिनिटं मोजून देतात.

काळ मोजणाऱ्यांनी आपल्याला काय दिलं? पेशवाईतल्या पुण्यात सकाळी ९ च्या आधी आणि दुपारी ३ नंतर महार-मांगांना वेशीच्या आत बंदी. कारण आपली सावली लांब पडायची. ज्या सावलीवर ते वेळ मोजत, तीच आपली झाली की विटाळ! ग्रहणाचं गणित त्यांच्या पोथीत, आणि "दे दान सुटे गिराण" ओरडत दारोदार आमच्या आज्या. गणित त्यांचं, भीक आमची.

आपल्याच जिल्ह्यात ओतूरला १८८४ साली सत्यशोधकांनी भटाविना लग्न लावलं. तर जोशी दक्षिणेच्या हक्कासाठी कोर्टात गेले. म्हणजे मुहूर्त आभाळात नव्हताच, वतनात होता.

कुणी म्हणेल, बाबासाहेबांनीही दसराच धरला, साडेतीन मुहूर्तांतला. अरे, १४ ऑक्टोबर १९५६ ही अशोक विजयादशमी म्हणून धरली. कुठल्या जोश्याला घटका विचारून नाही.

शेवटी चुलतबहीणच चुलीपुढून उठून आली. म्हणाली, "तात्या, रविवारी लावा. मान्सांचं खाडं पडत नाय."

पौषातल्या रविवारी लागलं लग्न. गड्यांनो, आपला मुहूर्त असा निघतो. कॅलेंडर खिळ्यावर राहू द्या, दुधाचा हिशेब लिहायला. कधी जगायचं ते त्याला विचारू नका.